पाच लिटर रक्त कुठं कुठं पुरणार?

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत तालमीतली पोरं बसली आहेत, मागं वस्ताद आणि पालक आहेत. पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जनसंस्था अशी यादी आज मी वाचणार नाही. शाळेच्या पुस्तकात दर संस्थेला वेगळा धडा असतो, पण शरीरात या सगळ्यांचा मिळून साठा एकच आहे, मोठ्या माणसाचं साधारण ५ लिटर रक्त. सगळ्या रक्तवाहिन्या एकदम पूर्ण उघडल्या, तर ते पुरणार नाही. नदीकाठच्या उसाला पाण्याच्या पाळ्या लावतात, तसंच इथंही आहे. ज्याला आत्ता गरज, त्याचं दार उघडायचं, बाकीच्यांचं थोडं बंद करायचं. हे वाटप कळलं की शरीर कळतं, असं माझं मत आहे.

आत्ता तुम्ही निवांत बसलाय. हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलतंय. त्यातला पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडं जातो, तेवढाच सगळ्या स्नायूंना मिळून. पोटातल्या अवयवांचा वाटा याहून थोडा जास्त. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्यातला २० टक्के एकटा घेतो.

आता समजा, कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीची लढत ठरली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पूर्ण केलेलं ते मैदान, भरलेलं. पहिलवान हौद्यात, म्हणजे लढतीच्या मातीत, उतरतो. अजून हाताला हात लागलेला नाही, तरी नाडी वाढलेली असते, कारण पुढं काय होणार हे ओळखून मेंदूनं हृदयाला आधीच हुकूम सोडलेला असतो. खडाखडी, म्हणजे एकमेकांची ताकद अजमावणं, सुरू झाली की मांड्या, पाठ, खांदे यांच्यातल्या बारीक धमन्या रुंद होतात. काम करणारा स्नायूच स्वतःभोवती असे पदार्थ सोडतो, की त्याच्या धमन्यांच्या भिंतीतला ताण सैल पडतो. त्याच वेळी आतडी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या मज्जातंतूंच्या हुकमानं आवळल्या जातात. तयारीच्या तरुणाचं हृदय अशा वेळी मिनिटाला २० ते २५ लिटर रक्त फेकतं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास स्नायूंकडं जातं. मेंदूचा पुरवठा मात्र फारसा हलत नाही. जेवणावर लगेच मेहनत करू नये असं वस्ताद सांगतात, त्याचं कारण इथं सापडतं. पोट आणि मांड्या दोघंही एकाच वेळी रक्त मागतात.

दम लागतो तो प्राणवायू संपला म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. निरोगी माणसात श्वासाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो. तो रक्तात जरासा वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र छाती जोरात हलवायला लावतं.

आता एक क्षण जवळून बघा. समोरच्याला कवेत घेऊन उचलताना आपण दम कोंडतो. छातीतला दाब वाढतो, त्यामुळं शिरांमधून हृदयाकडं परत येणारं रक्त अडतं. आत कमी आलं, तर बाहेर कमी जाणार. डोळ्यांपुढं अंधारी येते ती त्यामुळं. म्हणून जोर लावताना श्वास सोडत राहायचा. लढत संपल्यावर एकदम थबकून उभं राहणंही तितकंच वाईट. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांना दाबून रक्त वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त पायातच साठतं आणि चांगला धट्टाकट्टा गडी चक्कर येऊन पडतो. चार फेऱ्या मारा, मग बसा.

आता ज्यासाठी मी खरं तर आलोय, ते सांगतो. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतला चौथा हिस्सासुद्धा जेमतेम कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला त्वचेलाही रक्त लागतं आणि घामही लागतो. घामाचं पाणी शेवटी रक्तातूनच येतं. म्हणजे मागणी वाढते आणि साठाच आटतो. अशा वेळी मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. एरवी दिवसाला १८० लिटर गाळून त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडणारी ही मूत्रपिंडं, पण त्यांनाही गाळायला रक्त आणि दाब लागतोच.

आणि याच वेळी, मॅटवरच्या वजनगटात बसायचं म्हणून, पोरं पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असं वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथं रबरी सूट आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी आली. आपले पहिलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला फ्लायवेट या हलक्या वजनगटात लढले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत पदक मिळालं ते वरच्या बँटमवेटमध्ये. वरच्या गटात जाण्यात कमीपणा नाही, हे पालकांनीही ऐकावं.

पाणी तोडून अंगमोड मेहनत केली की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या मूत्रपिंडांच्या नलिकांत अडकतं. पोरांनो, लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. पण कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी झाली आणि अंग फार ठणकत असेल, तर मेहनत तिथंच थांबवा, लाजू नका, वस्तादांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेत सलाईन मिळालं, तर बहुतेकांची मूत्रपिंडं वाचतात.