पाटा वाढवू नका!

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पद्मिनीवाले किती आहेत? हात वर करा. वा, निम्मी खोली. अँबेसेडरवाल्यांनीही ऐका, पाटे, म्हणजे मागच्या कमानीतल्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, तुमच्याही गाडीला आहेत. बीटलवाले एक गृहस्थ मागे दिसताहेत, त्यांच्या गाडीला पाटेच नाहीत, त्यांनी खुशाल डुलकी काढावी.

पत्रिकेत विषय छापलाय ‘मागच्या सस्पेन्शनचे झिजलेले भाग कसे बदलावेत’. तिकडे मी येणारच आहे. पण आधी माझी एक जुनी तक्रार. आपण जुनी गाडी पुन्हा उभी करतो म्हणजे काय करतो? रंग, क्रोम, सीट कव्हरं, फार तर इंजिन. खाली वाकून मागचा धुरा कुणी बघत नाही. वाकलं की कंबर धरते हेही खरं, कारण गाडीचं आणि मालकाचं वय साधारण एकच असतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. गाडी पद्मिनी, घेतल्यापासून एकहाती. खड्ड्यात मागून खट्‌ असा आवाज यायचा आणि वळणावर गाडी मागून हलायची. गॅरेजवाल्यानं चाकाला एक लाथ घातली (ही आपल्याकडची राष्ट्रीय तपासणी पद्धत) आणि निदान केलं, “कमान बसलीय साहेब, एक पाटा वाढवू.” कुठल्या तरी भंगारातल्या जीपचा पाटा कापून बसवला. गाडी मागून अशी उचलली गेली की कोंबडीनं शेपूट वर करावी! हेडलाइटचा उजेड बंपरपुढे हातभर. गतिरोधक आला की काकू आधी उतरून चालत पलीकडे जायच्या. आणि आवाज? तो होताच. मग शॉकअब्सॉर्बर बदलले, तरी खट्‌. मग सायलेन्सरचे हँगर बदलले, तरी खट्‌. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या फिटरनं पहार घालून पाटा हलवून दाखवला. कमानीच्या पुढच्या डोळ्यातल्या, म्हणजे टोकाला वळवलेल्या भोकातल्या, बुशचं (बोल्टभोवतीच्या नळीचं) रबर केव्हाच गळून गेलं होतं. बोल्ट त्या भोकात मोकळा नाचत होता. बुशची किंमत ऐकून काका हसले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो.

हे पाटा वाढवण्याचं खूळ आलं कुठून? माझा संशय मुंबईच्या टॅक्सीवर आहे. डिकीत सीएनजीची जड टाकी, वर कॅरिअरवर सामान, मागे तीन माणसं. त्या बिचाऱ्यांना पाटा वाढवणं भागच होतं. काळी-पिवळी पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण तिचा जास्तीचा पाटा आपल्या घरगुती गाड्यांत मुक्कामाला राहिला. (कुर्ल्यात ही गाडी तयार करणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, हे जाता जाता. टाळ्या नकोत, वेळ कमी आहे.)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मुद्दा असा. आपल्या गाडीत कमान दोन कामं करते: वजन पेलते आणि धुरा जागेवर धरते. धुऱ्याला धरणारा दुसरा दांडा नाही. चाकांचा पुढे ढकलणारा सगळा जोर कमानीच्या पुढच्या डोळ्यातून बॉडीत जातो. म्हणून तो बुश गेला की धुरा मागेपुढे सरकतो आणि गाडी मागूनच स्टिअरिंग करायला लागते. नवा पाटा घालून हे कसं थांबणार? गाडी खरोखर बसली असेल तर कमानवाल्याकडून पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या. पाटा चिरलेला असेल तर तोच बदला.

आता काम, भराभर. पद्मिनीला वेगळी चासी नाही, कमान थेट बॉडीच्या पत्र्याला टांगलेली आहे. तेव्हा आधी तो पत्रा पेचकसानं टोचून बघा. आत गेला तर आधी वेल्डर. बॉडी भक्कम स्टँडवर, धुऱ्याखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरायचं नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडा. शॅकलचे (कमानीचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश आणि पिना सोबतच बदला, आणि दोन्ही बाजूंचे. बसवताना पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं धुऱ्याच्या भोकात नीट बसलंय ना, बघा. कमान धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या.

आणि ज्यासाठी मी आलो ते हे: रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, वजन येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. निम्मे नवे बुश असेच मरतात, आणि आपण दुकानदाराला डुप्लिकेट मालाच्या शिव्या देतो.

शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. शॉकअब्सॉर्बरचं राहिलंच. डिकी दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर बदला. प्रश्न चहाच्या वेळी.