माणूस जेवत नाही, म्हणजे घरच्यांनी उपाशी ठेवलंय का?

नमस्कार! कमेंटमध्ये सारखं येतंय, 'ज्येष्ठांच्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या सोशल वर्करला मरणासन्न माणसाच्या काळजीचं ट्रेनिंग कशाला? ते डॉक्टर-नर्स बघतील.' अहो, मरणासन्न माणसांच्या काळजीची, म्हणजे हॉस्पिसची, आधुनिक चळवळ उभी करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स, मग हॉस्पिटलात सोशल वर्कर, डॉक्टर त्यानंतर! 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं.

दोन शब्द आधी समजून घ्या: पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर त्रास कमी करणं, हॉस्पिस म्हणजे शेवटचा टप्पा. झालं, पुढे.

खरी गोची इथे आहे. तक्रार येते: आजोबा हाडांचा सापळा झालेत, कमरेखाली जखम, घासही खात नाहीत. नवा कार्यकर्ता फॉर्मवर 'दुर्लक्ष' लिहून मोकळा! थांबा ना जरा. शेवटच्या दिवसांत भूक मरतेच. बळजबरीनं भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्वचाही हार मानते. माकडहाडापाशी बघता बघता उमटणारी जखम केनेडी नावाच्या नर्सनं 1989 मध्ये नोंदवली. चांगली काळजी घेतली तरी ती होऊ शकते.

आता उलटं, खरंखुरं दुर्लक्षही असतं. घरच्यांचं 'जाणारच आहेत हो ते' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जाणाऱ्या माणसालाही कोरडी चादर लागते, ओले ओठ लागतात, दुखणं थांबावं लागतं. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाची, बाटली मागा, औषध कधी-किती दिलं त्या चार्टशी ताडा. बाटली रिकामी होतेय आणि माणूस कण्हतोय, तर औषध जातंय कुठे?

म्हणजे जखम बघून निकाल देऊ नका. ती कधी दिसली, कोणाला कळवली, मग काय केलं, हे विचारा. एका घरी लेकीनं वहीच पुढे केली: कूस कधी बदलली, तोंड कधी पुसलं, नर्सला फोन कधी केला. दुसऱ्या चकाचक घरात ड्रेसिंगची पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती.

आणि ट्रेनिंगवाल्यांनो, दुःखाच्या पाच टप्प्यांवर अर्धा दिवस घालवता, पेन चार्ट, म्हणजे दुखण्याची नोंद, वाचायला कधी शिकवणार?

आणखी एक, खुद्द आजोबांना विचारा, घरच्यांना बाहेर पाठवून. 'हॉस्पिटल नको' हे ते स्वतः म्हणतायत की मुलगा म्हणतोय? पैशांचा हिशेब जमत नसेल, तरी उपचारांबद्दल ते नीट सांगू शकतात. एका गोष्टीवरून दुसरी ठरवू नका. ग्लानीत असतील तर आधी लिहून ठेवलेली इच्छा आहे का, ते बघा, आणि हॉस्पिसच्या नर्सला फोन लावा. फॉर्म भरायच्या आधी.

मॉर्फिननं मरण लवकर येतं का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यावर वेगळा व्हिडिओ करते.