सोलापूरचे रूळ, बोरघाट आणि बार्शी लाइट

(दृश्य: सोलापूर स्थानक. संथपणे जाणारी मालगाडी. कॅमेरा चाकाजवळ.)

हे पोलादी चाक रुळाला नेमकं कुठे टेकतंय, बघा. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी जागा. भरलेल्या मालगाडीच्या एकेका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, सुमारे 23 टनांपर्यंत भार असतो, आणि तो अशा दोनच जागांवर पेलला जातो. चाकही फारसं दबत नाही, रूळही फारसा दबत नाही. म्हणूनच तेवढाच माल रस्त्याने न्यायला जी ताकद लागते, तिच्या कितीतरी कमी ताकदीत तो रुळांवरून जातो. पण हेच गुळगुळीतपण चढावर नडतं. इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं.

सोलापूरकरांना याचा अनुभव पहिल्यापासून आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 मध्ये. पुण्याच्या पुढे बराचसा सपाट मुलूख, त्यामुळे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ 1860 मध्येच सोलापुरात पोचले. बोरघाट मात्र 1863 पर्यंत पुरा झाला नव्हता. तोवर मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायचा. घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, तडीस नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, हे चांगलंच झालं. पण कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्या घाटात जे हजारो मजूर गेले, त्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत, याची खंत वाटते.

पुढे 1871 मध्ये रूळ रायचूरला पोचले, मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाले. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली.

(दृश्य: कुर्डुवाडी जंक्शन.)

आता कुर्डुवाडी. मोठी लाइन बार्शीला वगळून गेली होती. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि स्टेशन 34 किलोमीटर लांब! त्या स्टेशनाचं नावच तेव्हा बार्शी रोड. हे अंतर भरून काढलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरने. 1897 मध्ये त्याने अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली, बार्शी लाइट रेल्वे सुरू केली.

त्याचा विचार साधा होता, पण फार मोलाचा. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर 5 टनांहून जास्त भार येता कामा नये. वजन वाढलं तर चाकं वाढवा. त्यामुळे मीटरला जेमतेम 15 किलो वजनाचा बारीक रूळ पुरला. आज मोठ्या लाइनवर मीटरला 60 किलोचा रूळ घालतात. हलका रूळ म्हणजे कमी खर्च, आणि कमी खर्च म्हणजे जिथे रेल्वे परवडलीच नसती तिथेही ती पोचणार. पंढरपूरला ती 1906 मध्ये गेली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. वारकऱ्यांना देवाच्या दारापर्यंत नेणारी गाडी म्हणून हिला या भागात जो जिव्हाळा मिळाला, तो मोठ्या लाइनला क्वचितच मिळाला.

त्रास होता तो कुर्डुवाडीला. एका गेजची वाघीण दुसऱ्या रुळांवर चालत नाही. बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं इथे हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जायचं. वेळ जायचा, मजुरी वाढायची, मालाची नासधूस व्हायची. अखेर 2001 नंतर टप्प्याटप्प्याने हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या लाइनच्याच रुंदीचा, झाला. लातूरकडची लाइन आधी धाराशिव शहराला बाजूला ठेवून जायची. ब्रॉडगेज करताना ती शहरातून वळवली.

(दृश्य: वंदे भारत सोलापुरातून सुटते.)

10 फेब्रुवारी 2023 पासून सोलापूर–मुंबई वंदे भारत धावते आहे. मुंबईहून येताना इतर गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. हिला ती लागत नाहीत. हिच्या मोटारी एका इंजिनात नसून निम्म्या डब्यांखाली वाटलेल्या आहेत. जोर लावणारी चाकं जास्त, म्हणून प्रत्येक चाकाने लावायचा जोर कमी, आणि ओल्या रुळावरही घसरण्याचा धोका कमी.