हाय खाईल म्हणून

कॅन्सर आता बरा होणार नाही असा रिपोर्ट येतो आणि घरातली माणसं खोलीबाहेर जाऊन बोलायला लागतात. दार ओढून घेतलं जातं. फोनवरचा आवाज खाली येतो. फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. "कळलं तर हाय खाईल," एवढंच कारण.

आणि पलंगावरचा माणूस सगळं ऐकत असतो. कपडे सैल झालेत, केमो बंद झाली आहे, डॉक्टर हल्ली त्याच्याशी कमी आणि मुलाशी जास्त बोलतात. न कळायला झालंय काय? पण तोही गप्प राहतो, घरच्यांनी हाय खाऊ नये म्हणून.

दोन्ही बाजूंना ठाऊक, आणि दोन्ही बाजू ठाऊक नसल्याचं सोंग वठवतात. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत हे बघितलं आणि १९६५ मध्ये लिहून ठेवलं. त्या काळी डॉक्टरही सोंगात सामील असत. १९६१ च्या एका अमेरिकी पाहणीत ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तशीच पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अर्थात, 'कॅन्सर आहे' म्हणणं वेगळं. 'आता हा बरा होणार नाही' म्हणताना जीभ आजही अडखळते.

मग खरंच माणूस हाय खातो का? २००८ मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी डॉक्टर मरणाबद्दल बोलले होते, त्यांच्यात नैराश्य जास्त आढळलं नाही. शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि आयसीयू मात्र त्यांच्या वाट्याला कमी आले.

बोलायला बसलं की रुग्ण फार गहन काही विचारत नाही. दुखेल का? गुदमरेन का? तेव्हा जवळ कोण असेल? बँकेचं सगळं तुला माहीत आहे ना?

यातल्या बऱ्याच प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत. वेदनेवर मॉर्फिन आहे, धाप लागली तर तेच कमी मात्रेत देतात. शेवटच्या दिवसांत झोप वाढते, खाणं सुटतं, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते, कारण गिळता न आलेली लाळ तिथे साठते. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण बहुधा रुग्णाला त्याचा त्रास जाणवत नाही. हे आधी सांगून ठेवलं असेल, तर त्या रात्री घाबरून धावाधाव होत नाही.

भेटायला येणाऱ्यांचं "लढ, हरू नकोस" मात्र जरा आवरायला हवं. ज्याला सतत लढायला सांगितलंय, त्याने "दमलो" कोणाला म्हणायचं?

मोकळं बोलायचं म्हणजे सत्य अंगावर फेकायचं असंही नाही. जाणकार डॉक्टर आधी विचारतात, "आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? अजून किती जाणून घ्यायचंय?" कोणी म्हणतं, "मला नको, मुलीला सांगा." तेही ऐकायचं. फक्त प्रश्न तिथेच सोडायचा नाही. आज नको म्हणणारा माणूस पंधरा दिवसांनी, उशी नीट करून घेता घेता, आपणच विचारतो, "किती दिवस म्हणाले?" त्या वेळी हातातलं काम ठेवून खाली बसायचं.