कुंकू लावलेला स्टॅम्प पेपर

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर मी तीस वर्षं वकिली केली, त्यामुळे ओळखीचे लोक अजूनही कागद दाखवायला घरी येतात. आज परदेशी नोकरीला निघालेल्यांच्या कागदांबद्दल बोलायचंय. पण आधी आमच्या ऐरोलीच्या काकूंची हकिगत सांगते.

काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. मुलगा आयटीआय झालेला, रबाळ्याच्या एका कारखान्यात वेल्डर. बोलता बोलता सांगते, अशा मुलाला आपण ‘नुसता वेल्डर’ म्हणतो ना, ते मला फार लागतं. पाइपला चहूबाजूंनी एकसारखा जोड मारणं म्हणजे खेळ नाही. त्या कसबाला इथे नीट पगार मिळाला असता, तर त्याने दुबईचं नाव काढलं नसतं.

तर दिवाळीनंतर काकू पेढे घेऊन आल्या. “ताई, पोरगा दुबईला निघाला. कंपनीत नोकरी, राहणं-खाणं त्यांचंच.”

मी विचारलं, “काही कागद आहे का?”

“आहे ना! वकिलाकडून करून घेतलाय. नोटरीसुद्धा झालीय.”

खाली जाऊन त्या पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन आल्या. देव्हाऱ्यात ठेवला होता. कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलेलं.

कागद इंग्रजीत. मी एकेक कलम मराठीत सांगायला लागले. पहिलं, नाव-पत्ता. दुसरं, ‘प्रवासाची व्यवस्था आणि सल्ला’ यासाठी ठरलेली रक्कम; आकडा नाहीच. तिसरं, अर्जदार स्वखुशीने व्हिजिट व्हिसावर जात आहे. चौथं, नोकरीची हमी दिलेली नाही, पैसे परत मागता येणार नाहीत. काकूंनी हात धरला.

“चौथं परत वाचा.”

परत वाचलं. थोडा वेळ त्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हा कागद माझा नाहीच. त्या वकिलाचा आहे.”

त्या कागदासाठी त्यांनी पाटल्या गहाण टाकून १,४०,००० रुपये दिले होते. मला विचाराल, तर ज्याची सही त्याच्या भाषेत कागद, असा नियमच हवा. बँकेचा फॉर्म असो, विम्याची पॉलिसी असो की बिल्डरचा करारनामा, आपण ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणतील तिथे सह्या करत सुटतो.

दुसऱ्या दिवशी काकू, मुलगा आणि मी वाशीला त्या ‘वकिला’च्या ऑफिसात गेलो. दारावर पाटी, ‘लीगल अॅडव्हायझर’. मी सनद, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक विचारला. तो म्हणाला, “वकील आमच्या पॅनलवर आहेत.” कोण, ते सांगेना. भरती एजंटचा परवाना विचारला. तर म्हणे, “आम्ही भरती करत नाही, फक्त सल्ला देतो.” वकील शोधायला गेलं की एजंट, एजंट शोधायला गेलं की सल्लागार! मुलाचा पासपोर्ट त्याच्याच कपाटात होता. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, कुणा एजंटला तो अडकवून ठेवता येत नाही, हे सांगून मी पोलीस ठाण्याचं नाव काढलं, तेव्हा कपाट उघडलं. मुलाने मोबाइलवरून पाठवलेले वीस हजार तेवढे परत मिळाले, कारण त्यांची नोंद होती. बाकीचे रोख दिलेले, पावती नाही. त्यांच्यासाठी पोलिसांत तक्रार दिली आहे.

आता नीट ऐका. नोटरीचा शिक्का म्हणजे सहीची खात्री. मजकुराची नाही. पुन्हा सांगते, सहीची खात्री, मजकुराची नाही. आपल्याकडे नोटरी स्वतः वकील असतो खरा, पण शिक्का मारताना तो तुमचा वकील नसतो.

याच शब्दाने अमेरिकेतही लोक फसतात. लॅटिन अमेरिकेतल्या देशांत ‘नोतारियो’ म्हणजे कायद्यातला मोठा अधिकारी माणूस. अमेरिकेतला नोटरी मात्र सहीचा साक्षीदार. तिकडे नवीन आलेली माणसं ती पाटी वाचून आत शिरतात आणि पैसा घालवतात, कधी चुकीच्या अर्जापायी देशात राहण्याची संधीही. तिथे इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी देऊ शकतो. सरकारी फॉर्म वेबसाइटवर फुकट मिळतात. तुमची मुलं तिकडे असतील, तर रविवारच्या फोनवर एवढं सांगाच.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर एजंटचं नाव शोधा. नसेल, तर पेढे आणू नका. नोंदणी असलेल्या एजंटलाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. आणि व्हिजिट व्हिसावर नोकरी नसते. ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. लिहून घ्या, एक-पाच-एक-शून्य-शून्य.

काकूंचा तो स्टॅम्प पेपर आता तक्रारीला जोडलाय. मुलगा रबाळ्यातच कामावर आहे आणि पाटल्या सोडवण्यासाठी ओव्हरटाइम करतोय. नमस्कार.