फॉरच्या खालचा एल्स ‘नाहीतर’ म्हणून वाचू नका

नमस्कार! पायथॉनचा फॉर लूप वाचायला सोपा आहे, त्यावर वेळ घालवत नाही. रेंज २, १० म्हणजे २ ते ९. १० येत नाही. झालं. कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते फॉरच्या खाली लिहिलेल्या एल्सबद्दल: तो चालतो कधी?

स्क्रीनवर बघा. ९१ मूळ संख्या आहे का? २ ते ९ने भागून बघायचं, कारण १०चा वर्ग ९१च्या पुढे जातो. भाग गेला की ‘मूळ नाही’ छापून ब्रेक, म्हणजे लूप तिथेच सोडायचा. एल्समध्ये ‘मूळ आहे’. ७ने भाग जातो, ब्रेक लागतो, एल्स चालत नाही. ९१च्या जागी ९७ घाला: भाग कशानेच जात नाही, एल्स चालतो.

‘लूप चाललाच नाही तर एल्स’ असं बरेच जण लिहितात. चूक! इथे लूप पूर्ण चालला, म्हणूनच एल्स आला.

व्हाइल लूपकडे बघा, म्हणजे उलगडेल. अट खोटी ठरली की एल्स, अगदी इफसारखं. फॉरही दर फेरीला विचारतो, ‘अजून काही उरलंय का?’ उत्तर ‘नाही’ आलं की एल्स. ब्रेक तो प्रश्न विचारूच देत नाही. म्हणून एल्स वाचताना मनात म्हणा, ‘ब्रेक लागला नाही तर’. माझ्या मते नावच चुकलंय. ‘नोब्रेक’ असतं तर हा व्हिडिओ लागलाच नसता.

आता इंडेंटेशन. तोच एल्स चार स्पेस आत सरकून इफच्या खाली आला, तर ९१साठी ‘मूळ आहे’ पाच वेळा छापलं जाईल, २ ते ६च्या प्रत्येक फेरीला एकदा, आणि मग ७ला ‘मूळ नाही’. एरर येणार नाही, कारण पायथॉनच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत! असं आउटपुट दिसलं की आधी एल्सचा डावा समास तपासा.

आणि रिकामा लूप? रेंज २, एन लिहून एनला १ द्या. रेंज रिकामी, एकही फेरी नाही, ब्रेकही नाही, म्हणून एल्स चालतो आणि १ला मूळ ठरवतो. एन २पेक्षा लहान आहे का, ते लूपच्या आधीच तपासा. हेच फंक्शनमध्ये लिहीत असाल तर भाग गेल्यावर रिटर्न फॉल्स, लूपच्या बाहेर रिटर्न ट्रू. एल्स लागतच नाही.