सागातलं धुकं
(निवेदन)

(दृश्य : पेठ रस्ता, सावळघाट. उजाडायचंय. झाडं काळी, दरीत पांढरं.)

ऑक्टोबर उतरणीला लागला की नाशिकच्या पश्चिमेला वेगळं धुकं पडायला लागतं. श्रावणात अंजनेरीवर दिसतं ते खरं तर धुकं नव्हेच. तो डोंगराला टेकलेला ढग. वाऱ्याबरोबर येतो, लेन्स भिजवतो आणि निघून जातो. आताचं धुकं दरीतून वर येतं. पाऊस थांबलेला असतो, पण जमिनीत ओल भरपूर असते. रात्री आभाळ मोकळं, म्हणून दिवसभर तापलेली जमीन भराभर निवते. तिच्यालगतची हवा गार होते, तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. गार हवा जड, ती उतारानं सरकत खोलगट जागी साचते. वारा मात्र पडलेला हवा.

त्यामुळे या धुक्यातल्या जंगलाचे फोटो काढायचे तर आदल्या संध्याकाळी हवामानाच्या ॲपवर तीन गोष्टी बघायच्या. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव पडायला लागतं ते) यांत दोन अंशांहून कमी फरक राहतोय का, वारा जवळजवळ पडलेला आहे का, आणि आभाळ निरभ्र आहे का. रात्रभर ढग राहणार असतील तर गजर लावूच नका.

(दृश्य : सागाचं पान, अगदी जवळून. शिरांची जाळी, कडेला दव.)

हे पान नीट बघा. हिरवा गर अळ्यांनी खाल्लाय, उरलीय ती शिरांची जाळी. सागाची खरी पानगळ अजून लांब आहे, पण या अळ्यांमुळे साग आत्ताच विटकरी दिसायला लागतो. खाली गवत पिवळं पडत असतं, करवंदाच्या जाळ्या हिरव्यागार असतात. गेरू, गंज, पिवळा आणि मधूनमधून हिरवा, हा आपल्याकडचा शरद. फोनवर शरद म्हणून जी लालभडक जंगलं फिरतात ती मेपलची, थंड देशांतली. ते लाल रंग सागावर चढवले की फोटो ना इथला राहतो ना तिथला.

(दृश्य : ट्रायपॉड उभा राहतो. फडक्यानं लेन्स पुसणारे हात.)

एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काच धुरकट होते. तो बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. लेन्सच्या तोंडावरचं हूड लावलेलं असू द्या. कोरडी मायक्रोफायबरची दोन फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण पहिलं लवकरच ओलं होतं.

(दृश्य : तोच उतार, आधी वाइड, मग टेलिफोटो.)

वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सनं सगळं जंगल घ्यायचा मोह होतो आणि हाती येतो काड्यांचा गोंधळ. धुक्यात सत्तर ते दीडशे मिलिमीटरची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स उपयोगी पडते. जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्याच्याही मागचं जेमतेम रेषेएवढं. हे थर टेलिफोटो एकमेकांजवळ आणते. आता एक मुख्य झाड ठरवा. ऐनाची भेगाळलेली काळपट साल धुक्यातही उठून दिसते. कांडोळाचं खोड पांढरट, ते धुक्यात विरघळून जातं; मागे गडद झाडी असेल तरच कांडोळ घ्यावा.

(दृश्य : दोन खोडं एकमेकांवर आलेली. कॅमेरा किंचित डावीकडे सरकतो, मध्ये फट पडते.)

हा अर्धा फूट महत्त्वाचा. मुख्य खोड आणि मागचं खोड यांच्यात पांढरी फट राहिली पाहिजे. ती बुजली की दोन झाडांचा एक विचित्र जाड बुंधा होतो, आणि एडिटिंगमध्ये तो सुटा करता येत नाही. मग चारही कडांवरून नजर फिरवा. कोपऱ्यातून आत घुसलेली एखादी फांदी, पानांमधून दिसणारा आभाळाचा पांढरा तुकडा, या दोन गोष्टी डोळा मुख्य झाडावरून ओढून नेतात. आभाळ शक्यतो चौकटीबाहेरच ठेवा.

एक्स्पोजरचं गणित सोपं आहे, तरी सगळ्यात जास्त फोटो तिथेच फसतात. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, म्हणून पांढरं धुकं मळकट येतं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, ढीग मध्याच्या उजवीकडे जाऊ द्या, पण उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ आठ ते अकरा. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) शंभर असेल तर शटर सावकाश पडतं आणि सागाचं मोठं पान जराशा झुळकीनंही हलतं. तेव्हा आयएसओ आठशेपर्यंत न्यायला कचरू नका. फोकस भिरभिरत असेल तर खोडाच्या कडेवर धरा, नाहीतर मागच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून हातानं लावा. फाइल रॉ हवी, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर अडकवून ठेवा, म्हणजे सगळ्या फ्रेमचा रंग एकसारखा राहील.

(दृश्य : ऊन शिरतं. किरण. इथे निवेदन नाही, पंधरा सेकंद.)

किरण हवे असतील तर सूर्य समोर हवा, आणि तो एखाद्या बुंध्याआड लपवायला हवा. धुकं दाट असताना किरण दिसत नाहीत, ते विरायला लागल्यावर दिसतात. हा वेळ फार थोडा असतो. तेव्हा लेन्स बदलत बसू नका.

(दृश्य : जमिनीलगत, तुडवलेलं गवत.)

वाट सोडून आत शिरू नका. अंजनेरीवर तर जगात मोजक्या ठिकाणी उरलेली कंदीलपुष्पाची एक जात याच गवतात वाढते.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. स्लायडर.)

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की हात पहिल्यांदा डीहेझकडे, म्हणजे धुरकटपणा काढणाऱ्या स्लायडरकडे, जातो. नावाप्रमाणे ते काम चोख करतं, म्हणजे पहाटे उठून जे टिपलं तेच पुसून टाकतं. धुक्याच्या भागात ते शून्याच्या खालीच ठेवा, उणे पाच ते उणे दहा. क्लॅरिटीही (मधल्या छटांचा उठाव) थोडी उणे. काळा रंग हवा तो फक्त जवळच्या झाडाला, म्हणून ब्रशनं तेवढ्याच खोडाचा मास्क करा, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होतील, आणि त्यावर टेक्श्चर (बारीक पोत) दहा-पंधरा वाढवा, ब्लॅक्स (सगळ्यात गडद भाग) जरा खाली आणा. सगळ्या फोटोचे ब्लॅक्स ओढले तर लांबची झाडंही काळी होतात आणि खोली जाते. मास्कची कड कडक राहिली तर खोडाभोवती पांढरी किनार उमटते. फोटो शंभर टक्के मोठा करून ती तपासा.

(दृश्य : रंगांचे स्लायडर, हिरवा जरा पिवळ्याकडे.)

हिरव्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) वीसनं उतरवा, ह्यू (छटा) किंचित पिवळ्याकडे. केशरी पाच-सातनं वर, बस. बाजारात मिळणारे शरदाचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, हिरव्याचा थेट नारिंगी करतात. त्यात करवंदाची जाळीसुद्धा भाजून निघते.

जिकडून उजेड येतोय तिथे एक मोठा रेडियल, म्हणजे गोल, मास्क टाका. त्यात एक्स्पोजर पाव स्टॉप वर, रंग थोडा उबदार, डीहेझ आणखी थोडं उणे. मास्कचा मध्य चौकटीच्या बाहेर ठेवला की उजेड चिकटवलेला वाटत नाही. सपाट धुक्यात सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तीही इथेच काढा. फोटोशॉपमध्ये न्यायचं असेल तर सोळा बिटवर न्या, त्यात छटांच्या पायऱ्या जास्त असतात. आठ बिटच्या जेपेगवर कर्व्ह (उजेड-गडदाची वक्ररेषा) ओढला की धुक्यात पट्टे पडतात.

(दृश्य : प्रिंटरमधून सरकत येणारा कागद.)

छापायचं असेल तर मॅट कागद घ्या. मॅटवर गडद भाग थोडे उठतात, इथे ते चालतं. चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब नेमकं धुक्यावर पडतं. आधी हातभर कागद वाया न घालवता पट्टी छापून बघा, त्यात सगळ्यात फिकं झाड आलं पाहिजे. पडद्यावर दिसणारं ते झाड कागदावर नसेल तर हायलाइट्स थोडे उतरवा आणि पट्टी पुन्हा छापा.